पेशीचे द्वार आणि वार्धक्य : पोषकद्रव्यांच्या ग्रहणाविषयीच्या संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

वाढत्या वयात चयापचय टिकवून धरणारी पोषकद्रव्ये पेशी कशा ग्रहण करतात, या प्रश्नाचा विचार विसाव्या शतकात तीन निरनिराळ्या ज्ञानशाखांत झाला. पेशीपटलाचे शरीरक्रियाशास्त्र, प्राण्यांवरील आहारप्रयोग आणि सूक्ष्मजीवांचे आनुवंशशास्त्र या त्या तीन शाखा होत. प्रस्तुत निबंधात या तीन प्रवाहांचा स्वतंत्र विकास, त्यांचा १९९० नंतर झालेला संगम आणि वृद्धांच्या आहारविचाराच्या दृष्टीने त्या संगमाचा अर्थ यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : पेशीपटल, वाहक प्रथिने, इन्सुलिन, अल्पाहार, रॅपामायसिन, टॉर, वार्धक्य.

प्रस्तावना

अन्नाचे पचन होऊन त्यातील पोषकद्रव्ये रक्तात मिसळली, म्हणजे पोषण पूर्ण झाले असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः रक्तातील ग्लुकोज किंवा अमिनो आम्ल पेशीच्या आत शिरेपर्यंत शरीराला त्याचा उपयोग होत नाही. पेशीच्या आत शिरल्यानंतरही ते जाळून ऊर्जा मिळवावयाची, त्यापासून नवी प्रथिने बांधावयाची की ते साठवून ठेवावयाचे, याचा निर्णय पेशीला घ्यावा लागतो. म्हणजेच पेशीच्या पातळीवर पोषणाचे तीन टप्पे संभवतात : द्रव्याचा प्रवेश, त्याच्या उपलब्धतेची जाणीव आणि त्याचा विनियोग. वार्धक्यात या तिन्ही टप्प्यांत बदल घडतात.

आज ही मांडणी सरळ वाटते. तथापि ती सिद्ध होण्यास शंभर वर्षे लागली. अल्पाहाराने उंदरांचे आयुष्य वाढते, हे १९३५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. परंतु ते का वाढते याचे पेशीच्या पातळीवरील समाधानकारक उत्तर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिळू लागले. हा विलंब केवळ उपकरणांच्या अभावामुळे झाला नाही. ज्या अभ्यासकांकडे प्रश्न होता त्यांच्याकडे पेशीचे ज्ञान नव्हते आणि ज्यांच्याकडे पेशीचे ज्ञान होते त्यांना वार्धक्य हा आपला विषय वाटत नव्हता, असे या इतिहासावरून दिसते. याच प्रतिपादनाच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

१. पूर्वपीठिका

वार्धक्य आणि पोषण यांचा संबंध प्राचीन काळापासून जोडला गेला आहे. ॲरिस्टॉटलने वार्धक्याचे वर्णन शरीरातील उष्णता आणि ओलावा कमी होत जाण्याची प्रक्रिया असे केले. भारतीय परंपरेत चरकसंहितेतील धातुपोषणाच्या विचाराला वेगळे महत्त्व आहे. आहारापासून तयार झालेला रस निरनिराळ्या धातूंपर्यंत कसा पोहोचतो, याचे स्पष्टीकरण देताना टीकाकारांनी तीन न्याय सांगितले असून अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने त्यांची चर्चा केली आहे. दुधाचे दही व्हावे तसा एक धातू दुसऱ्यात परिणत होतो, हा क्षीरदधिन्याय. पाटाचे पाणी एकामागून एक वाफे भिजवीत जावे तसा रस धातूंचे पोषण करतो, हा केदारकुल्यान्याय. खळ्यावरचे दाणे टिपून कबुतरे आपापल्या वाटेने आपापल्या ठिकाणी जावीत तसा प्रत्येक धातूचा पोषक अंश स्वतंत्र मार्गाने जातो, हा खलेकपोतन्याय होय.

या न्यायांत आधुनिक पेशीविज्ञान शोधणे इतिहासाच्या दृष्टीने अयोग्य ठरेल. कारण पेशी ही संकल्पनाच त्या काळी नव्हती. मात्र पोषकद्रव्य शरीरात आले एवढ्याने भागत नाही, ते योग्य स्थळी कसे पोहोचते हा स्वतंत्र प्रश्न आहे, याची जाणीव त्यांत निश्चितपणे आढळते.

युरोपात लुइजी कोर्नारो या व्हेनेशियन गृहस्थाने मिताहारी जीवनावरील आपला ग्रंथ १५५८ मध्ये प्रसिद्ध केला. थोडे खाऊन दीर्घकाळ जगता येते, हा त्याचा स्वानुभव होता. पुढील साडेतीन शतके मिताहार हा विषय मुख्यतः नीती आणि आरोग्योपदेश यांच्या कक्षेत राहिला.

२. पेशीपटलाचा शोध आणि साखरेचे कोडे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिक येथे चार्ल्स ओव्हर्टन याने वनस्पती व प्राणी यांच्या पेशींत अनेक द्रव्ये कशी शिरतात याचा पद्धतशीर अभ्यास केला. चरबीत विरघळणारी द्रव्ये पेशीत सहज शिरतात, हे त्याच्या ध्यानात आले आणि पेशीचे आवरण चरबीसदृश असले पाहिजे असा निष्कर्ष त्याने काढला. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात मेदाचे दोन थर असतात असे दाखविले.

या निष्कर्षांतून एक कोडे निर्माण झाले. ग्लुकोज चरबीत विरघळत नाही. मग पेशीचे प्रमुख इंधन असलेली ही साखर मेदाच्या दुहेरी भिंतीतून आत जाते कशी? १९५२ मध्ये विडास या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मेंढीच्या वारेतून होणाऱ्या ग्लुकोजच्या वहनाचे गणित मांडले. साध्या विसरणाने हे वहन स्पष्ट होत नाही, त्यासाठी एखादा वाहक मानावा लागतो, असे त्याने प्रतिपादन केले.

दरम्यान शिकागो येथे रॅकमील लेव्हिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९-५० मध्ये इन्सुलिनविषयी महत्त्वाचे प्रयोग केले. इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ मध्ये लागला होता. परंतु ते पेशीत नेमके काय करते याविषयी एकमत नव्हते. ते पेशीतील विकरांची गती वाढवीत असावे, असा समज प्रबळ होता. लेव्हिन यांनी कुत्र्यांची उदरातील इंद्रिये व मूत्रपिंडे काढून त्यांना गॅलक्टोज ही साखर दिली. उरलेल्या ऊतींना या साखरेचा चयापचय करता येत नाही. तरीही इन्सुलिन दिल्यावर ती रक्तातून ऊतींमध्ये अधिक प्रमाणात पसरली. यावरून इन्सुलिन हे साखर जाळण्यास नव्हे, तर तिला पेशीत प्रवेश मिळवून देण्यास मदत करते, हा विचार पुढे आला.

१९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात रॉबर्ट क्रेन यांनी आतड्याच्या पेशींत ग्लुकोज हे सोडियमच्या सोबतीने आत ओढले जाते, अशी कल्पना मांडली. मीठ आणि साखर यांचे द्रावण अतिसाराच्या रुग्णाला का तारते, याचा आधार याच तत्त्वात आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशा द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पेशीच्या द्वाराविषयीचे ज्ञान व्यवहारात किती मोलाचे ठरू शकते, याचे हे उदाहरण आहे.

पुढे १९८० मध्ये कुशमन व वॉर्डझाला आणि स्वतंत्रपणे सुझुकी व कोनो यांनी इन्सुलिनच्या कार्याचा उलगडा केला. ग्लुकोजचे वाहक पेशीच्या आतील पिशव्यांत साठविलेले असतात आणि इन्सुलिनचा संकेत मिळताच ते पेशीपटलावर येऊन बसतात, असे त्यांनी दाखविले. १९८५ मध्ये पहिल्या ग्लुकोजवाहक प्रथिनाची आणि १९८८-८९ मध्ये स्नायू व मेदपेशींतील इन्सुलिनसंवेदी वाहकाची, म्हणजे ग्लुट-४ ची, ओळख पटली. प्रवेशद्वाराचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. मात्र या प्रवाहातील बहुतेक संशोधन मधुमेहाच्या अनुषंगाने झाले.

३. अल्पाहाराचे प्रयोग

दुसरा प्रवाह पोषणशास्त्राचा होता. १९१७ मध्ये ऑसबोर्न, मेंडेल आणि फेरी यांनी अमेरिकेत, आहार रोखून वाढ खुंटविलेल्या उंदरांचे आयुष्य वाढल्याचे नोंदविले. कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅके यांनी ट्राउट माशांवरील प्रयोगांत असाच अनुभव घेतला होता. त्यांनी क्रोवेल व मेनर्ड यांच्यासह उंदरांवर केलेला प्रयोग १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारात जीवनसत्त्वे, क्षार आणि प्रथिने पुरेशी ठेवून केवळ उष्मांक कमी केले असता उंदीर दीर्घकाळ जगले. नरांमध्ये हा परिणाम विशेष ठळक होता.

मॅके यांचे पशुपोषणशास्त्र हे शेतीशी निगडित होते. त्यामुळे त्यांनी आपल्या निष्कर्षाचा अर्थ वाढीच्या संदर्भात लावला : वाढ लांबली, म्हणून आयुष्य लांबले. त्याच काळात रेमंड पर्ल यांच्या १९२८ च्या ग्रंथामुळे जीवनवेगाचा सिद्धान्त प्रचलित होता. त्यानुसार शरीर जितक्या वेगाने ऊर्जा खर्च करते तितक्या लवकर ते झिजते. दिवा मंद ठेवला तर तेल अधिक काळ पुरते, अशा स्वरूपाचे हे स्पष्टीकरण बहुतेकांना पटले आणि जवळजवळ अर्धशतक ते टिकून राहिले.

१९८२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. वाइन्ड्रुक आणि वॉल्फर्ड यांनी एक वर्ष वयाच्या, म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या, उंदरांचा आहार हळूहळू कमी केला. त्यांचेही आयुष्य वाढले. त्यामुळे वाढ खुंटण्याचे स्पष्टीकरण अपुरे ठरले. त्याच वर्षी मॅसोरो, यू व बर्ट्रांड यांनी दाखविले की, अल्पाहारी उंदीर शरीराच्या वजनाच्या प्रमाणात इतरांपेक्षा कमी अन्न खात नाहीत. परिणामी जीवनवेगाचा सिद्धान्तही डळमळीत झाला. आता एकच शक्यता उरली : अन्नाच्या टंचाईची वार्ता पेशीला कळते आणि पेशी त्यानुसार आपला कारभार बदलते. ही वार्ता कोण देते, हे मात्र पोषणशास्त्राला सांगता येत नव्हते.

४. ईस्टर बेटावरील माती

तिसऱ्या प्रवाहाचा उगम अनपेक्षित ठिकाणी आहे. १९६४ मध्ये कॅनडाचे एक वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर गेले. तेथून आणलेल्या मातीच्या नमुन्यांतील एका जिवाणूपासून माँट्रियल येथील आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत बुरशीनाशक द्रव्य वेगळे करण्यात आले. त्या बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्यास रॅपामायसिन असे नाव मिळाले. १९७५ मध्ये याविषयीचे पहिले लेख प्रसिद्ध झाले. या कार्यात अग्रभागी असलेले सुरेन सहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते.

हे द्रव्य रोगप्रतिकारशक्ती दडपते असे आढळल्याने बुरशीनाशक म्हणून त्याचा उपयोग होईना. पुढे माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सहगल यांनी त्याचा नमुना आपल्या घरच्या शीतपेटीत जपून ठेवला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरील काम पुन्हा सुरू झाले आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००३ मध्ये सहगल यांचे निधन झाले. ज्या कारणासाठी या द्रव्याची आज सर्वाधिक चर्चा होते, ते कारण त्यांच्या हयातीत पुरते स्पष्ट झाले नव्हते.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रॅपामायसिन यीस्टच्या पेशीत कोठे कार्य करते याचा शोध घेतला. १९९१ मध्ये त्यांनी दोन जनुकांची नोंद केली आणि त्यांना टॉर असे नाव दिले. हे नाव ‘रॅपामायसिनचे लक्ष्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले असले, तरी जर्मन भाषेत टॉर म्हणजे वेस, आणि बाझेल शहराची जुनी वेस प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये सस्तन प्राण्यांतही हेच प्रथिन सापडले. पोषकद्रव्ये उपलब्ध असताना टॉर कार्यरत राहते आणि पेशी प्रथिने बांधते व वाढते. पोषण तुटले की टॉर शांत होते आणि वाढ थांबते, हे हॉल यांच्या गटाने १९९६ मध्ये यीस्टमध्ये दाखविले. पोषणशास्त्राला हवा असलेला वार्ताहर प्रत्यारोपणाच्या औषधाचा माग घेताना सापडला, असे म्हणता येईल.

५. तीन प्रवाहांचा संगम

वार्धक्याच्या आनुवंशशास्त्राने हे प्रवाह एकत्र आणले. १९८८ मध्ये फ्रीडमन आणि जॉन्सन यांनी सूत्रकृमीमध्ये आयुष्य वाढविणाऱ्या एका जनुकीय बदलाचे वर्णन केले. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांच्या गटाने डॅफ-२ या एकाच जनुकातील बदलामुळे सूत्रकृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, हे दाखविले. १९९७ मध्ये गॅरी रुव्हकुन यांच्या गटाला आढळले की, हे जनुक इन्सुलिनग्राहकासारखे प्रथिन घडविते. अशा प्रकारे लेव्हिन यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगातून स्पष्ट झालेल्या इन्सुलिनचा धागा थेट आयुर्मानाशी जोडला गेला.

२००३ मध्ये वेल्लाई व सहकाऱ्यांनी सूत्रकृमीत, २००४ मध्ये पंकज कपाही व सहकाऱ्यांनी फळमाशीत आणि २००५ मध्ये केबरलाइन व सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये टॉरची क्रिया मंदावल्यास आयुष्य वाढते, हे दाखविले. २००९ मध्ये अमेरिकेतील तीन केंद्रांत एकाच वेळी झालेल्या प्रयोगात ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातील, उंदरांना रॅपामायसिन देण्यात आले. ९० टक्के उंदीर मरण पावण्याचे वय त्यामुळे माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढले.

पेशीच्या आतील चित्रही स्पष्ट होत गेले. ख्रिस्तियन द दुव यांनी १९५५ मध्ये शोधलेला लायसोसोम हा दीर्घकाळ पेशीतील कचरा जिरविणारा घटक समजला जात होता. डेव्हिड सबातिनी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखविले की, अमिनो आम्ले मिळताच टॉर लायसोसोमच्या पृष्ठभागावर येऊन बसते. उलट उपासमारीत टॉर शांत झाले की पेशी आपलेच जीर्ण घटक लायसोसोमकडे पाठवून त्यांपासून पुन्हा पोषकद्रव्ये मिळविते. या स्वभक्षणाच्या प्रक्रियेची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टमध्ये शोधली आणि त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरून द्रव्य घेणे आणि आतील द्रव्याचा पुनर्वापर करणे ही दोन्ही कार्ये एकाच यंत्रणेच्या नियंत्रणाखाली आहेत, हे यातून सिद्ध झाले. वयोमानानुसार पुनर्वापराची ही क्षमता क्षीण होत जाते.

६. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि वृद्ध माणूस

यावरून वृद्धांनी कमी खावे असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. इतिहासाचे साक्षेपी वाचन मात्र अशा घाईला आवर घालते.

पहिली बाब माकडांवरील प्रयोगांची. अमेरिकेत दोन संस्थांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हेसस माकडांवर अल्पाहाराचे प्रयोग सुरू केले. विस्कॉन्सिन येथील गटाने २००९ मध्ये अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या गटाला २०१२ मध्ये आयुर्मानात लक्षणीय वाढ आढळली नाही. २०१७ मध्ये दोन्ही गटांनी एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अल्पाहाराचा आरोग्याला लाभ होतो हे मान्य करतानाच वय, आहाराचे घटक आणि तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांचा आहार यांमुळे निष्कर्ष बदलतात, हे स्पष्ट झाले. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या आहारात साखरेचे प्रमाण बरेच अधिक होते आणि तुलनेची माकडे हवे तेवढे खात होती. म्हणजे अल्पाहाराचा लाभ कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न कळीचा ठरतो.

दुसरी बाब मानवी पेशींची. राल्फ डीफ्रोन्झो यांनी १९७९ मध्ये दाखविले की, वृद्धांमध्ये ग्लुकोज नीट न वापरले जाण्याचे मुख्य कारण इन्सुलिनचा अभाव नसून ऊतींची इन्सुलिनविषयीची मंदावलेली संवेदना हे आहे. २००५ मध्ये कथबर्टसन व सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांविषयीही असेच चित्र मांडले. तेवढीच अमिनो आम्ले मिळूनही वृद्धांच्या स्नायूंत प्रथिनांची बांधणी तरुणांपेक्षा कमी होते. द्रव्य दाराशी आलेले असते. पण त्याला मिळणारा प्रतिसाद क्षीण झालेला असतो. म्हणूनच २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे प्रतिदिन १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ५० ते ६५ या वयोगटात अधिक प्रथिने घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त, तर ६५ नंतर ते कमी आढळले. एकच आहार दोन वयांत दोन परिणाम घडवितो, असा याचा अर्थ होतो.

तिसरी बाब आपल्या समाजाची. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांच्यासह २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ असा समान. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण यडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी व मेद अधिक असू शकतो, आणि इन्सुलिनच्या संकेतावर ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी एक चतुर्थांशाहून अधिक व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले, तर सुमारे एक पंचमांश व्यक्ती स्थूल किंवा अधिक वजनाच्या होत्या. ज्या समाजात हे दोन्ही वर्ग शेजारी शेजारी राहतात, तेथे भरपूर खाणाऱ्या प्राण्यांच्या तुलनेत सिद्ध झालेला अल्पाहाराचा उपदेश सर्वांना लागू करणे अन्यायाचे होईल. अर्धपोटी राहून उतारवयात पोहोचलेल्या शेतमजूर स्त्रीला मिताहाराची नव्हे, तर डाळ, दूध आणि स्नायूंना चालना देणाऱ्या हालचालीची गरज असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वार्धक्यातील चयापचय हा केवळ अन्नाच्या मात्रेवर अवलंबून नसतो. पोषकद्रव्याचा पेशीत होणारा प्रवेश, त्याची जाणीव आणि त्याचा विनियोग या तिन्हींवर तो अवलंबून असतो.

२) १९३५ मधील निरीक्षण आणि त्याचे पेशीय स्पष्टीकरण यांत सुमारे सात दशकांचे अंतर पडले. पोषणशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि आनुवंशशास्त्र यांतील संवादाचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

३) निर्णायक दुवे अनेकदा अन्य हेतूने केलेल्या संशोधनातून मिळाले. बुरशीनाशकाच्या शोधातून हाती आलेले रॅपामायसिन हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

४) टॉरची क्रिया मंदावणे प्रयोगशाळेतील प्राण्यांत हितावह ठरले असले, तरी वृद्ध माणसाच्या स्नायूंत प्रथिने बांधण्यासाठी तीच क्रिया आवश्यक असते. त्यामुळे आहारविषयक सल्ला वय, शरीररचना आणि पूर्वायुष्यातील पोषण यांचा विचार करूनच दिला पाहिजे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत पेशीपटल जीवशास्त्रात, आहार गृहविज्ञानात आणि वार्धक्य समाजशास्त्रात शिकविले जाते. या विषयांचे अध्यापक एकमेकांच्या वर्गांत काय शिकविले जाते याची विचारपूस करू लागले, तर वृद्धांच्या पोषणासारखा प्रश्न आपल्या परिसरातील माहितीच्या आधारे एकत्रितपणे अभ्यासता येईल. आपल्या महाविद्यालयांच्या भोवतालच्या गावांतील वृद्धांचा आहार, त्यांचे स्नायुबल आणि त्यांच्या बालपणीचे पोषण यांची नोंद घेण्यापासून अशा अभ्यासाचा आरंभ करता येईल.